पाठलागाची गोष्ट आणि श्रद्धा

सुट्टीच्या दुपारी एखादी परदेशी थरारकथा हाती घेतली की आपल्यापैकी अनेकांना किंचित अपराधी वाटते. संतचरित्र बाजूस सारून हेरांच्या व खुन्यांच्या मागे धावणे श्रद्धावंतास शोभते काय, असे घरातील वडीलधारी मंडळी विचारीत आली आहेत. अशा वेळी आम्हांस इंग्रज कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन यांची आठवण होते.

१९०४ साली जन्मलेल्या ग्रीन यांनी १९२६ मध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला. १९३२ साली त्यांची ‘स्तंबूल ट्रेन’ प्रसिद्ध झाली. ऑस्टेंड बंदराहून इस्तंबूलकडे धावणाऱ्या आगगाडीची ही कथा वाचकांनी उचलून धरली. अशा पुस्तकांना ग्रीन ‘मनोरंजने’ म्हणत व आपल्या गंभीर कादंबऱ्यांपासून ती वेगळी ठेवीत.

१९३८ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तेथील तबास्को प्रांतात चर्चचा कठोर छळ झाला होता. मायदेशी परतल्यावर त्यांनी दोन पुस्तके एकाच वेळी लिहावयास घेतली. युद्ध तोंडावर आले होते आणि कुटुंबाची तरतूद करावयाची होती. म्हणून सकाळी ‘द कॉन्फिडेन्शियल एजंट’ ही थरारकथा, तीही अवघ्या सहा आठवड्यांत. आणि दुपारी ‘द पॉवर अँड द ग्लोरी’!

१९४० साली आलेल्या या दुसऱ्या पुस्तकातही पाठलागच आहे. पोलीस एका धर्मगुरूच्या मागावर आहेत. हा धर्मगुरू मद्यपी आहे, एका मुलीचा बाप आहे. तो सीमा ओलांडून सुखरूप सुटतो. साध्या थरारकथेत येथे पडदा पडला असता. परंतु एका मरणासन्न गुन्हेगाराला पापनिवेदन करावयाचे आहे असा निरोप येतो आणि सापळा ओळखूनही हा दुबळा माणूस माघारी फिरतो. थरारकथेची गती तीच. मात्र ती आपल्याला मेंढपाळाच्या मागोमाग नेते.

रोममधील होली ऑफिसला हे पुस्तक १९५३ साली आक्षेपार्ह वाटले. कार्डिनल ग्रिफिन यांच्यामार्फत ग्रीन यांना तसे कळविण्यात आले. मोन्सिन्योर मोंतिनी यांनी मात्र व्हॅटिकनमध्ये पुस्तकाची बाजू घेतली होती. तेच पुढे पोप सहावे पॉल झाले. १९६५ साली ग्रीन त्यांना भेटले, तेव्हा पुस्तकातील काही भाग काही कॅथलिकांना नेहमीच खुपेल, तिकडे लक्ष देऊ नये, असे पोपमहोदयांनी सांगितल्याचे ग्रीन यांनी नमूद केले आहे. १९६६ मध्ये निषिद्ध ग्रंथांची सूचीही इतिहासजमा झाली. ग्रीन यांनीही उत्तरायुष्यात गंभीर आणि मनोरंजक ही विभागणी सोडून दिली.

सर्वच थरारकथा अशा उंचीच्या असतात, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळशा केवळ वेळ घालवितात. काही क्रौर्याची चटक लावतात. म्हणून मुलांच्या हातातील पुस्तक काढून घेण्यापूर्वी त्यांच्याशेजारी बसावे आणि एवढेच विचारावे: या पाठलागात तुझा जीव कोणासाठी तुटतो? उत्तर पकडल्या जाणाऱ्या दुबळ्या माणसाचे असेल, तर ती दुपार वाया गेली असे आम्ही मानणार नाही.