गॅस गिझर: इंधन कोणतं घ्यावं आणि जळलेली हवा बाहेर कशी काढावी

दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून तीच बातमी येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडलं तर आत बेशुद्ध किंवा मयत सापडली. आत गॅस गिझर चालू होता.

आपल्या घरांत हा धोका काही दिवशी जास्त वाढतो. जुम्याच्या सकाळी किंवा ईदच्या पहाटे घरातले पाच-सहा जण एकामागून एक गुस्ल करतात. गिझर जवळपास तासभर चालतो आणि थंडी म्हणून खिडकी बंद असते. सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटी नंबर लागतो तो बहुतेक घरांत अम्मीचा. म्हणून गिझर घेण्याआधी आणि बसवण्याआधी खालच्या गोष्टी समजून घ्या.

नेमकं होतं काय?

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गिझर म्हणजे स्वयंपाकघरातले चार-पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण पेटवल्यासारखं आहे. तो १० मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो आणि त्यासाठी साधारण २ घनमीटर हवा वापरतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवाच साडेपाच घनमीटर असते. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर एका आंघोळीत खोलीतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवा जळून जाते.

ऑक्सिजन कमी पडला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसचा वास येतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे गळती झालेलीच नसते, गॅस जळूनच विष तयार होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतं. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. ‘कडी काढावी’ असं वाटेपर्यंत हात उचलत नाही.

इंधन कोणतं?

एलपीजी सिलिंडर: १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये थंडीतल्या सव्वादोनशे-अडीचशे बादल्या पाणी तापतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बाथरूममध्ये किंवा खोलगट जागेत ठेवू नका, नेहमी उभाच ठेवा.

पाईपचा गॅस (पीएनजी): हा हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो. पण त्याचा दाब आणि गिझरमधले जेट वेगळे असतात. एलपीजीचा गिझर तसाच पीएनजीला जोडू नका. पीएनजीसाठीचाच गिझर घ्या आणि जोडणी गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

वीज: आत काही जळत नाही, म्हणून धूर नाही. ज्या बाथरूमला खिडकीच नाही, तिथे विजेचा गिझर बरा. एका बादलीला साधारण पाऊण युनिट वीज लागते. मात्र अर्थिंग पक्कं हवं आणि शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच.

बंब: लाकूड, गोवऱ्या किंवा भुशाच्या पेलेटवर चालणारा बंब अंगणात किंवा गच्चीवरच ठेवा. ज्वाला विझली तरी निखारे तोच वायू सोडत राहतात. बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी ठेवायची पद्धत याच कारणाने जीवघेणी आहे. बाळ आणि आई दोघं तिथे रात्रभर असतात. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या.

गिझर कुठे बसवायचा?

उत्तर एकच: बाथरूमच्या बाहेर. गॅलरी, उघडी गच्ची, मागची मोकळी बाजू यांपैकी कुठेही बसवा आणि गरम पाण्याचा पाईप आत घ्या. पाऊस-वाऱ्यापासून बचावासाठी वर पत्रा चालेल, बाजू मोकळ्या ठेवा. प्लंबरचा खर्च थोडा वाढेल, पण तो एकदाच करायचा आहे. ब्रिटनमध्ये १९९८च्या गॅस नियमांनुसार खोलीतली हवा वापरणारा गिझर बाथरूममध्ये बसवायला मनाईच आहे.

बाजारातले स्वस्त गिझर बहुतेक बिनचिमणीचे असतात. जळलेली हवा वरच्या जाळीतून सरळ खोलीतच येते. चिमणीचा गिझर घेतलात तर हे पाहा:

– चिमणी धातूची हवी, पीव्हीसीची नको.
– ती वर चढत गेली पाहिजे. मध्ये खाली वाकवू नका, तोंड अरुंद करू नका, वळणं कमीत कमी ठेवा.
– तोंड मोकळ्या हवेत उघडलं पाहिजे. मुंब्रा, भिवंडी, मालेगावसारख्या दाट वस्त्यांत चिमणी बिल्डिंगच्या डक्टमध्ये सोडली, तर तुमचा धूर वरच्या शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये शिरू शकतो.
– एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं, असं समजू नका. बंद खोलीत फॅन चिमणीतला धूर उलटा आत ओढू शकतो.

जागाच नसेल तर?

एका खोलीच्या घरात गॅलरी कुठून आणणार? मग एक शिस्त पाळा. दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, गॅसची कळ बंद करा, थोडा वेळ दार उघडंच राहू द्या आणि मगच आत जा. गिझर चालू असताना दार लावून कुणीही आंघोळ करायची नाही, ईदच्या घाईतही नाही. लहान मुलांना हेच शिकवा.

ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली, तर वापर थांबवून मेकॅनिक बोलवा. ज्योत निळी आहे म्हणून दार मात्र लावू नका. दरवर्षी थंडीआधी बर्नर आणि वरच्या जाळ्या साफ करून घ्या. काही मॉडेल २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण नळ पुन्हा सोडला की परत पेटतात, म्हणून त्यावर विसंबू नका. जमलं तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा असतो, तो इथे कामाचा नाही.

कुणी आत पडलं तर

आवाज दिला आणि उत्तर आलं नाही, तर दार लगेच उघडा किंवा तोडा. आत बाई आहे, पडद्याचं काय, या विचारात मिनिटं घालवू नका. जीव वाचवणं आधी, चादर घेऊन जा आणि अंगावर टाका. बाहेरूनही उघडता येईल अशी कडी आजच बसवली, तर दार तोडायची वेळच येणार नाही.

आत शिरणाऱ्याने श्वास रोखून आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावं. मग गिझर आणि गॅस बंद करून खिडक्या उघडाव्यात. १०८वर अॅम्ब्युलन्स बोलवा. श्वास चालत नसेल आणि कुणाला येत असेल, तर छाती दाबणं सुरू करा.

‘असर झाला’, ‘मिरगी आली’ असं म्हणून कांदा हुंगवत किंवा पाणी दम करत बसू नका. दुआ अॅम्ब्युलन्समध्येही करता येते. डॉक्टरांना पहिल्यांदा एवढं सांगा की बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषात आकडा चांगलाच दाखवतं आणि फसवतं. खरं कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार-सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तासात निम्मं होतं. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्याच. गरोदर बाईला तर नक्कीच, कारण पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

एलपीजीची गळती वाटली तर १९०६ हा नंबर आहे. दोन्ही नंबर गिझरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.