यकृतविकार आणि स्टॅटिन

यकृताचा जुनाट आजार असताना कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, म्हणजे स्टॅटिन, घ्यावी का, हा प्रश्न ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बहुधा फॅटी लिव्हरपासून सुरू होतो. सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २’, रक्तात यकृताचे विकर एसजीपीटी थोडे वाढलेले, जोडीला मधुमेह आणि वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल. ‘लिव्हरला बाधेल’ म्हणून गोळी सुरूच होत नाही, किंवा घरच्या घरी बंद केली जाते. यात रुग्णाचे नुकसान आहे, कारण फॅटी लिव्हर असलेल्यांत मृत्यूचे मोठे कारण यकृत नसून हृदयविकार असतो.

भीतीचे मूळ औषधाच्या कामात आहे. कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतात तयार होते आणि स्टॅटिन तिथलेच एक विकर अडवते. जपानी संशोधक अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन मिळाले. १९८७मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. तेव्हा यकृताची रक्ततपासणी (एलएफटी) वारंवार करण्याचा दंडक होता. गंभीर इजा फार विरळ असल्याचे दिसल्यावर अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२मध्ये तो काढला. आता सुरुवातीला एकदा आणि पुढे गरज भासल्यास तपासणी पुरते. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीच्या आत आणि स्थिर असेल, तर तेवढ्यावरून गोळी नाकारू नये.

सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर झाल्यावर, मात्र हिशेब बदलतो. जलोदर, कावीळ, रक्ताची उलटी, भ्रम यांपैकी काहीही झालेले नसेल, तर स्टॅटिन देता येते. त्याने यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाबही थोडा उतरतो. आजाराची तीव्रता चाइल्ड-प्यू श्रेणीने मोजतात. ‘बी’ श्रेणीत मात्रा कमी ठेवतात, ‘सी’मध्ये स्टॅटिन टाळतात. बिघडलेल्या सिरोसिसमध्ये सिम्व्हास्टॅटिन रोज ४० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा काही रुग्णांचे स्नायू विरघळू लागले. डोंबिवलीहून रोज लोकलमध्ये उभ्याने जाणारा माणूस पाय दुखले की गर्दीला दोष देतो. पण सिरोसिस असून स्टॅटिन चालू असताना अंगदुखी वाढली किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बिघडलेल्या सिरोसिसमध्ये कोलेस्टेरॉल आपोआप घसरते. अहवाल पाहून घरच्यांना हायसे वाटते, पण थकलेले यकृत ते बनवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आपल्याकडे ॲटोर्व्हास्टॅटिन आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या सिरोसिस-रुग्णाला यातले ॲस्पिरिन रक्तस्रावाच्या दृष्टीने घातक ठरू शकते. म्हणून ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ एवढ्यावर न थांबता डॉक्टरांसमोर पाकीटच ठेवावे.

काढ्यांचाही उल्लेख इथे हवा. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. स्टॅटिनला घाबरून गोळी सोडणारे अनेकजण काढा मात्र निर्धास्त पितात. एसजीपीटी अचानक चढले, तर आधी काढ्याची चौकशी करावी.

कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये तपासणी-सल्ल्यासाठी जवळ आहेत. ठाण्यातील ज्युपिटर रुग्णालयात यकृत प्रत्यारोपण होते. प्रत्यारोपणानंतर कोलेस्टेरॉल बऱ्याचदा पुन्हा वाढते. तेव्हा नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन चालू असेल, तर स्टॅटिनची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते आणि मात्रा नव्याने ठरवावी लागते. त्याच कामाच्या टॅक्रोलिमसवर ही अडचण बरीच कमी असते.