तीनशे चारचा डाव

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीची आर्थिक वाटचाल' या विषयावर लिहायला सांगितलं होतं. तो विषय आपल्या आत्ताच्या खजिनदारांकडे देऊन मी दुसराच घेतला आहे. ऑफिसच्या कपाटात सभांच्या इतिवृत्तांखाली अकरा वह्या पडून आहेत. त्या आपल्या शनिवारच्या पत्त्यांच्या. पंचवीस वर्षांचा हाही एक दप्तरी इतिहासच आहे.

सुरुवात २००० सालच्या गणेशोत्सवात झाली. गणेश चतुर्थी शुक्रवारी, १ सप्टेंबरला होती. लिफ्ट चालू झाली नव्हती, गेटला वॉचमन नव्हता, आणि पहिलाच गणपती खाली पार्किंगमध्ये बसवलेला. मूर्तीजवळ रात्री कोणीतरी जागं हवं. शनिवारी आमची चौघांची पाळी लागली. मी, सोसायटीचे पहिले सेक्रेटरी, एक शाळामास्तर आणि मालवणकडचे एक रेल्वेवाले. रेल्वेवाल्यांनी पिशवीतून पत्ते काढले आणि विचारलं, "तीनशे चार येतं काय?" येत सगळ्यांना होतं, पण प्रत्येकाला आपापल्या गावचं. पहिली रात्र नियमांवरून भांडण्यातच गेली. सेक्रेटरी आणि मी भिडू झालो ते तेव्हापासून.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची ३२ पानं, चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू. आधी चार-चार पानं वाटायची, त्यावर बोली. आमच्याकडे ती १६० पासून सुरू होते. सर्वांत मोठी बोली करणाऱ्याने हुकमाचं पान पालथं ठेवायचं, मग उरलेली चार पानं वाटायची. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २. अठ्ठी-सत्ती बिनपगारी. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. दोन्ही बाजूंची बेरीज ३०४ आली नाही तर कुठेतरी चुकलंय. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा खेळ का आवडावा, हे निराळं सांगायला नको.

आता राजा ३ आणि गुलाम ३०, हे कसं? आपल्या जुन्या गंजिफात असं नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० गोल पानांची. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. गुलाम त्यात नाहीच. याचा उलगडा मला नोकरीत झाला. १९८६ मध्ये माझी बदली एर्नाकुलमला झाली. भाषा येईना, संध्याकाळ सरता सरेना. लॉजवर चौघे जण पत्ते खेळत होते. पाच मिनिटं उभा राहून पाहिलं तर आमचाच खेळ! गुलाम वर, त्याखाली नव्वी, मग एक्का, दश्शी. फक्त त्यांच्याकडे गुलामाचे ३, नव्वीचे २, एक्का-दश्शीचा एकेक. चार रंगांचे मिळून २८, आणि खेळाचं नावही अठ्ठावीसच. किलवरला ते 'क्लावर' म्हणत होते. डच भाषेत किलवरला 'क्लाव्हर'च म्हणतात.

खेळांचे अभ्यासक अठ्ठावीस, तीनशे चार या मंडळींचं नातं युरोपातल्या 'यास' नावाच्या खेळांच्या घराण्याशी जोडतात. हॉलंडच्या 'क्लाव्हरयास'मध्ये हुकमाचा गुलाम २० चा आणि हुकमाची नव्वी १४ ची, राजा त्यांच्या पुष्कळ खाली. डचांनी १६६३ मध्ये कोची पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७९५ पर्यंत ठेवली. आपल्याकडे वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. खेळ तिथेच उतरला असं मी म्हणणार नाही, त्याला कागद लागतो. पण आमचे रेल्वेवाले 'उतरला तो वेंगुर्ल्यालाच' असं छातीठोक सांगत, आणि मालवणी माणसाशी या बाबतीत वाद घालायचा नसतो.

२००४ मध्ये एका सभासदाने 'ऑफिसात जुगार चालतो' अशी लेखी तक्रार दिली. तेव्हा ठराव झाला की पैसे लावायचे नाहीत. आम्ही ते कधी लावले नव्हतेच. हरणाऱ्याने चहा पाजायचा, एवढीच शिक्षा. तक्रारदार पुढे दोन वर्षांत स्वतः खेळायला येऊ लागले. त्यांचे बरेच चहा आम्ही प्यायलो आहोत.

आता मला एक सांगायचं आहे. २००९ च्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचे १८,००० रुपये जुळत नाहीत, असं मी उभं राहून म्हणालो. सेक्रेटरी होते माझेच भिडू. जुन्या सभासदांना ती सभा आठवत असेल. त्यांनी कागद दाखवले, मी ऐकलं नाही. आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

शनिवारी ते पत्त्यांना आले. सवयीने वही पुढे ओढून तारीख घातली. सात महिने आम्ही समोरासमोर बसलो आणि बोलीपुरतंच बोललो. या खेळात भिडूला खुणा करायच्या नसतात, गप्पच खेळायचं असतं, म्हणून ते निभावलं. दुसरा कुठला खेळ असता तर मोडला असता.

पुढे हिशोब पुन्हा पाहताना कळलं, ठेकेदाराला दिलेली आगाऊ रक्कम मागच्या वर्षी आधीच खर्ची पडली होती. मी ती दोनदा धरली होती. जिन्यात गाठून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. सभेत सांगा म्हणजे झालं." पुढच्या सभेत मी बोललो नाही. विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, असं स्वतःला समजावलं. त्यांनी पुन्हा कधी आठवण केली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गेले. आम्ही कोणी पोचवायलाही जाऊ शकलो नाही. सभेत नाही तर इथे तरी नोंद होऊ दे : ती चूक माझी होती, त्यांची नव्हती.

वही क्रमांक अकरामध्ये त्यांच्या अक्षरातली शेवटची तारीख १४ मार्च २०२० आहे. नंतरची पानं कोरीच ठेवली. आता बारावी चालू आहे. मास्तर मुलाकडे गेले, रेल्वेवाल्यांना मोतीबिंदूमुळे इस्पिक-किलवर ओळखत नाही, तरी खुर्ची टाकून बसतात. माझी भिडू आता सेक्रेटरीसाहेबांची सून. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काका, गुलाम राजापेक्षा मोठा कसा हो?" हा लेख खरं तर तिच्या प्रश्नामुळेच लिहायला घेतला.

परवा ती पहिल्या चार पानांवर थेट २२० बोलली. माझ्या हातात एक राणी आणि तीन सत्त्या-अठ्ठ्या. मी कपाळाला हात लावला. डाव २३१ ला निघाला. वहीत तिनेच लिहिलं : २३१ आणि ७३.