हवेतील आघाडी

‘आघाडी’ हा शब्द मूळचा रणांगणावरचा. तो हवामानशास्त्रात आला पहिल्या महायुद्धानंतर.

नॉर्वे त्या युद्धात तटस्थ होता, तरी झळ त्यालाही लागली. बाहेरचे धान्य कमी झाले आणि ब्रिटनकडून तारेने येणारी हवामानाची माहितीही थांबली. नॉर्वेवर येणारी वादळे बहुधा पश्चिमेकडूनच येतात. मग शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना पावसाची आगाऊ सूचना द्यायची कशी?

१९१७ मध्ये लाइपझिगहून बर्गेनला आलेले विल्हेल्म बियर्कनेस यांनी साधा उपाय योजला. दूरची माहिती मिळत नाही, तर जवळची अधिक दाट गोळा करायची. १९१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण नॉर्वेतील निरीक्षण-केंद्रे सुमारे दहापट झाली. नोंदी घेणाऱ्यांत दीपगृहांचे रखवालदारही होते.

विरळ नोंदींवरून वाटे, की वादळाभोवती वारा व तापमान हळूहळू बदलत असावेत. दाट नोंदींच्या नकाशावर विल्हेल्म यांचा वीस वर्षांचा मुलगा याकोब याला निराळेच दिसले. वादळाच्या केंद्रातून निघणाऱ्या दोन रेषांवर हे बदल एकदम होत होते, आणि पाऊसही त्यांच्याच आसपास पडत होता.

असे का व्हावे? उबदार आणि थंड हवेच्या राशी भेटल्या, तरी सहजी मिसळत नाहीत. थंड हवा जड असल्याने पाचरीसारखी जमिनीलगत राहते. उबदार हवा पुढे सरकत असेल, तर ती या पाचरीच्या मंद उतारावरून चढते. वर जाताना ती प्रसरण पावते, थंड होते, ढग बनतात आणि पाऊस बराच वेळ रिपरिपत राहतो. उलट, थंड हवा चाल करून आली, तर उबदार हवा झपाट्याने वर ढकलली जाते. मग सरी जोरात येतात आणि लवकर ओसरतात.

१९१९ मध्ये याकोबने हे चित्र एका छोट्या निबंधात मांडले. दोन सैन्ये समोरासमोर ठाकावीत तशा या सीमांना पुढे ‘उष्ण आघाडी’ व ‘शीत आघाडी’ ही नावे मिळाली.

एक सावधगिरी मात्र हवी. हे चित्र समशीतोष्ण प्रदेशातील वादळांचे आहे. आपल्या मोसमी पावसाला ते जसेच्या तसे लावता येत नाही.

दोन प्रकारच्या हवांच्या संघर्षातून वादळे होतात, ही कल्पना इंग्लंडच्या फिट्झरॉय यांनी १८६३ मध्येच मांडली होती. उणीव होती ती पुरेशा नोंदींची. बर्गेनमध्ये ती भरून निघाली, आणि तीही टंचाईच्या दिवसांत.