न बोलावलेला हायड्रोजन

कॉलेजात मी सिलिकॉन शिकवायचो तो नेहमी शिस्तबद्ध स्फटिकापासून, कारण अभ्यासक्रमच तसा होता. मनातून मात्र मला विस्कळीत सिलिकॉनची गोष्ट जास्त आवडायची.

इंग्लंडमध्ये हार्लो इथे स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज होत्या. १९६०च्या दशकात तिथे चिटिक आणि त्यांचे सहकारी सिलेन हा वायू अगदी कमी दाबाखाली नळीत सोडत. सिलेन म्हणजे हवा लागताच पेट घेणारं प्रकरण. नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून रेडिओ वारंवारतेची वीज खेळवली की वायूचा प्लाझ्मा व्हायचा, रेणू फुटायचे आणि तापलेल्या काचेवर विस्कळीत सिलिकॉनचा पातळ थर बसायचा. सिलिकॉन वितळवून त्याच्या वाफेपासून केलेल्या थरापेक्षा हा थर कितीतरी सरस निघाला. प्रकाश पडला की त्याची विद्युतवाहकता वाढे. त्यांच्या १९६९च्या शोधनिबंधात सिलेनमध्ये फॉस्फीन हा फॉस्फरसयुक्त वायू मिसळल्याचा परिणामही नोंदला आहे. कंपनीला मात्र त्यात रस उरला नाही, आणि हे काम पुढे गेलं ते स्कॉटलंडमधल्या डंडीला.

तिथे वॉल्टर स्पिअर आणि पीटर लेकोंबर यांनी १९७५मध्ये सिलेनमध्ये कधी फॉस्फीन, कधी डायबोरेन हा बोरॉनयुक्त वायू मिसळून थराची वाहकता कोट्यवधी पटींनी बदलून दाखवली. विस्कळीत पदार्थात असं होणं शक्य नाही, हे तोवर जवळजवळ सर्वांनी मान्य केलेलं. घोळ होता तो अणूंच्या तुटक्या बंधांचा. इलेक्ट्रॉन तिथेच अडकत. प्लाझ्मात सिलेनमधून सुटलेला हायड्रोजन थरात राहून जायचा, साधारण दहा टक्के, आणि हे बंध बुजवायचा. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. हार्वर्डच्या विल्यम पॉल यांच्या गटाने मग तो मुद्दाम मिसळून त्याची कामगिरी पक्की केली. श्रेयाच्या यादीत हार्लोचं नाव शेवटी येतं, हे मला पटत नाही.

१९७६मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीच्या कार्लसन आणि रॉन्स्की यांनी २.४ टक्के कार्यक्षमतेचा सौरघट या थरापासून केला. हा थर प्रकाश इतका चांगला शोषतो की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी जाडी पुरते. पुढच्याच वर्षी स्टेब्लर आणि रॉन्स्की यांना दिसलं की उजेडात ठेवल्यावर हाच थर बिघडतो. छपरावरच्या सौरघटांसाठी अडलं ते तिथेच. दिव्याच्या उजेडावर चालणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये मात्र तो टिकला.

आता पेरोव्हस्काइट या सौरघटांच्या नव्या पदार्थाचे थर बसवण्यासाठीही प्लाझ्मा वापरून पाहतात. त्यातला सेंद्रिय भाग आयनांच्या माऱ्याने तुटतो, म्हणून थर बसवायची काच प्लाझ्मापासून लांब ठेवतात.