पोलंडचा आंबट हिवाळा

पोलंडच्या कृषी मंत्रालयाने २००५ पासून पारंपरिक पदार्थांची एक अधिकृत यादी ठेवली आहे. तीत आज दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. पाव, सॉसेज, चीज, मध, सूप, लोणची, मद्ये असे सर्व काही तीत सापडते. यादीत शिरण्याची मुख्य अट अशी, की तो पदार्थ निदान २५ वर्षे पारंपरिक रीतीने होत आलेला असावा. पंचवीस वर्षांना परंपरा म्हणायचे हे आपल्याला गमतीचे वाटेल. पण पोलिश स्वयंपाकघरात जुने म्हणून मिरवणारे बरेच काही खरोखरच फारसे जुने नाही. बटाटा तिथल्या सामान्य शेतकऱ्याच्या ताटात रुळला तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. कोपर्निकसने (१४७३-१५४३) तो पाहिलाही नसणार. सूपात घालायच्या गाजर, सेलरी, लीक यांच्या जुडीला पोलिश भाषेत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच ‘इटालियन माल’ असा आहे.

जिन्नस असे येत-जात राहिले. अन्न टिकवण्याच्या रीती मात्र जुन्या आहेत आणि त्यांच्यामागचा प्रश्न त्याहून जुना आहे. नोव्हेंबर ते मार्च जमीन काही देत नाही, तेव्हा खायचे काय? खरी कसोटी तर हिवाळा संपताना लागे. मागच्या वर्षीचे कोठार रिकामे झालेले असे आणि नवे पीक अजून हिरवे असे. या काळाला पोलिश भाषेत ‘प्शेदनूवेक’ असा स्वतंत्र शब्द आहे. ‘नव्याच्या आधीचे दिवस’ असा त्याचा सरळ अर्थ. गरीब शेतकऱ्यासाठी तो उपासमारीचा काळ असे. या दिवसांत घरात नक्की सापडेल अशी एक वस्तू म्हणजे आंबवलेल्या कोबीचे लाकडी पिंप. या आंबवलेल्या कोबीला ‘कापुस्ता किशोना’ म्हणतात.

शरद ऋतूत कोबीचे गड्डे काढले की सारा शेजार एका घरी जमे. व्वादिस्वाव रेमाँट यांच्या ‘शेतकरी’ या कादंबरीत, जिच्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, अशा कोबी सोलण्याच्या बैठकीचे वर्णन आहे. कोबी बारीक चिरायचा, त्यात मीठ मिसळायचे, पिंपात थर देऊन तो दाबायचा (पूर्वी पाय स्वच्छ धुऊन तुडवीतही असत) आणि वर फळी ठेवून तिच्यावर दगड ठेवायचा. मीठ कोबीच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के. चवीला कधी शहाजिरे, कधी गाजर, कधी सफरचंद. विरजण म्हणून मात्र काहीही घालायचे नाही.

विरजण न घालता कोबी आंबतो, कारण जीवाणू पानांवरच असतात. मिठामुळे परासरणाने पानांतला रस बाहेर येतो आणि त्यात विरघळलेली साखर जीवाणूंना मिळते. कुजवणाऱ्या कित्येक जीवाणूंना एवढे मीठही सोसत नाही. लॅक्टिक आम्ल करणाऱ्यांना ते चालते. पहिल्या काही दिवसांत ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू जोमाने वाढतो. तो आम्लांबरोबर कार्बन डायऑक्साइडही तयार करतो. हा वायू कोबीत अडकलेली हवा बाहेर ढकलतो आणि पिंपात ऑक्सिजन उरत नाही. आम्लता एका मर्यादेपुढे गेली की ती या जीवाणूलाच झेपत नाही. मग आम्ल अधिक सोसणारे दुसरे जीवाणू जागा घेतात. त्यांतला प्रमुख म्हणजे लॅक्टोबॅसिलस प्लँटारम. (२०२० च्या नव्या वर्गीकरणात त्याचे नाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम झाले. पाठ्यपुस्तकांत जुने नाव अजून बराच काळ दिसेल.) काही आठवड्यांत रसाचा सामू ३.५ च्या आसपास उतरतो. बोट्युलिझम हा जीवघेणा विषबाधेचा आजार ज्याच्यामुळे होतो, तो क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम ४.६ च्या खाली वाढू शकत नाही. ही खात्री पिंप भरणाऱ्या बाईला सामू माहीत नसतानाही मिळत होती. मीठ कमी पडले तर कोबी लिबलिबीत होतो आणि फार झाले तर लॅक्टिक जीवाणूच अडतात, एवढे तिला अनुभवाने ठाऊक होते.

विज्ञान इथे बरेच उशिरा पोचले. शेले याने आंबट दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले ते १७८० मध्ये आणि हे आम्ल सजीवांच्या क्रियेतून बनते असे पाश्चरने मांडले ते १८५७ मध्ये.

काकडीची कृती याच जातीची, फक्त ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. सोबत शेपूची फुलोऱ्यासह काडी, लसूण, हॉर्सरॅडिशचे तिखट मूळ आणि ओक, चेरी किंवा करंट या झाडाझुडपांची पाने. पाने शोभेसाठी नाहीत. त्यांतील टॅनिनमुळे पेक्टिन मोडणारी विकरे मंदावतात आणि काकडी करकरीत राहते. ईशान्य पोलंडमधील क्रुशेवो गावी काकडीची भरलेली पिंपे नारेव नदीत बुडवून ठेवीत असत. वर बर्फ गोठला तरी खालच्या पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वाधिक असते, हा धडा शिकवताना या पिंपांचा उल्लेख करता येईल. पोलंडच्या दुकानात दुसऱ्याही आंबट काकड्या मिळतात, पण त्या व्हिनेगरमधल्या. त्यात आम्ल बाहेरून ओतलेले असते, जीवाणूंचे काम नसते. दोहोंची नावेही वेगळी आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आता पिंपातला कोबी पोटाला आधार देई, एवढेच त्याचे मोल होते का? ताज्या कोबीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. आंबवलेल्या कोबीत ते साधारण १५ मिलिग्रॅम उरते. हा तोटा दिसतो खरा. पण कित्येक महिने साठवलेल्या भाजीत एवढे टिकणे हीच मोठी गोष्ट आहे. हे जीवनसत्त्व ऑक्सिजनमुळे नष्ट होते आणि आम्लात अधिक स्थिर असते. पिंपात ऑक्सिजन नाही आणि आम्ल भरपूर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सोय. स्कर्व्ही टाळायला रोज सुमारे १० मिलिग्रॅम पुरतात. रोज मूठ-दोन मुठी कच्चा आंबट कोबी खाणाऱ्याच्या हिरड्यांतून मार्च महिन्यात रक्त येणार नाही. कच्चा, हे महत्त्वाचे. हाच कोबी आणि मांस घालून वारंवार गरम केलेला ‘बिगोस’ हा पोलंडचा लाडका पदार्थ चवीला उत्तम असेल, पण एवढ्या उकळण्यात क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो.

योगायोग असा, की ‘व्हिटॅमिन’ हा शब्द देणारा कॅसिमिर फंक हा वॉर्सात जन्मलेला (१८८४). लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये तो काम करत होता तो बेरीबेरीवर आणि त्याचा कच्चा माल होता तांदळाचा कोंडा. १९१२ मध्ये त्याने मांडले, की बेरीबेरी, स्कर्व्ही, पेलाग्रा आणि मुडदूस हे रोग आहारातील काही घटक नसल्यामुळे होतात. या घटकांना त्याने जीवन आणि अमाइन यांचे शब्द जोडून नाव दिले. सर्व जीवनसत्त्वे अमाइन नसतात (क जीवनसत्त्व तर नाहीच), पण नाव टिकले. रोग केवळ काही शरीरात शिरल्याने नव्हे, तर काही न मिळाल्यानेही होतो, हा विचार जंतूंच्या शोधांनी भारावलेल्या त्या काळात पचायला जड होता. स्वतंत्र झालेल्या पोलंडने १९२३ मध्ये फंकला वॉर्साच्या सरकारी आरोग्यविज्ञान संस्थेत जीवरसायन विभागाचा प्रमुख म्हणून बोलावले. तिथे तो काही वर्षे राहिला.

या सगळ्याला मीठ लागते. शंभर किलो कोबीला दोन किलो धरा आणि गावातील घरांनी गुणा. पोलंडचे नशीब असे, की क्राकोव शहराजवळ व्येलिच्का आणि बोखन्या इथे जमिनीखाली मिठाचे प्रचंड थर आहेत. तेराव्या शतकापासून तिथे खाणी चालल्या. चौदाव्या शतकात काझिमिएश राजाच्या काळी तिजोरीत येणाऱ्या पैशातील सुमारे एक तृतीयांश मिठाचा होता असे मानतात. मग १७७२ आले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे लचके तोडले, त्या पहिल्याच फाळणीत दोन्ही खाणी ऑस्ट्रियाकडे गेल्या. नकाशावरची ही रेघ शेतकऱ्याच्या पिंपापर्यंत पोचली, कारण उरलेल्या पोलंडला मिठासाठी शेजाऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागले. १७९५ मध्ये ते राज्यच नकाशावरून गेले आणि १९१८ पर्यंत परतले नाही. व्येलिच्काची खाण १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आली. मिठाचे व्यापारी उत्खनन १९९६ मध्ये थांबले.

मीठही परवडेना, त्याला राय या धान्याचे पीठ होते. पीठ कोमट पाण्यात कालवून चार-पाच दिवस आंबवायचे आणि लसूण घालून त्याचे सूप करायचे. हा ‘झूर’. आपल्या आंबिलीचा थंड प्रदेशातला भाऊबंदच म्हणा ना. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांस वर्ज्य, म्हणून झूर आणि खारवलेला हेरिंग मासा यांवरच दिवस काढायचे. लोक याला इतके विटत, की उपवास संपताना झूरचे मडके समारंभाने पुरण्याची प्रथाच पडली. आता तोच झूर सॉसेज आणि अंडी घालून सणाचा पदार्थ झाला आहे.

मधाच्या मद्यांची गोष्ट गणिताच्या शिक्षकांना आवडेल. चार प्रकारांची नावे दीड, दोन, तीन आणि चार या आकड्यांवरून आली आहेत. एक भाग मधात अर्धा भाग पाणी घातले, की एकूण दीड भाग होतात. तो पहिला प्रकार. पुढच्या तिघांत पाणी अनुक्रमे एक, दोन आणि तीन भाग. मध जितका दाट, तितका यीस्टवर परासरणाचा ताण अधिक आणि मद्य मुरायला वेळही अधिक. ही चारही नावे २००८ मध्ये युरोपीय संघाच्या पारंपरिक पदार्थांच्या नोंदवहीत गेली.

त्याच वर्षी ‘ओस्त्सिपेक’ या धुरावलेल्या चीजलाही संरक्षण मिळाले. दक्षिणेच्या तात्रा पर्वतभागात मेंढपाळ ते करतात. त्याचा आकार चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. पर्वताच्या पलीकडे स्लोव्हाकियात जवळजवळ याच नावाचे चीज होते, त्यामुळे वाद झाला आणि समझोता झाल्यावरच नोंद झाली. नोंद करताना सगळे मोजून लिहावे लागले. लांबी १७ ते २३ सेंटीमीटर, वजन ६०० ते ८०० ग्रॅम. दूध मेंढीचे, गाईचे मिसळलेच तर ४० टक्क्यांपर्यंत आणि तेही पोलिश लाल या स्थानिक जातीच्याच गाईचे.

मोजता न येणारा भाग निराळाच आहे. हे चीज कच्च्या, न तापवलेल्या दुधाचे होते आणि भांडी लाकडाची. आधुनिक आरोग्यनियमांना स्टीलची, निर्जंतुक करता येणारी भांडी हवी असतात. माझ्या मते त्या नियमांची भीती खोटी नाही. कच्च्या दुधातून रोग पसरतात हे आपण आपल्या गोठ्यांवरूनही जाणतो. पण लाकडाच्या छिद्रांत लॅक्टिक जीवाणूंचा थर वसलेला असतो, तोच या चीजचे न लिहिलेले विरजण आहे. भांडे निर्जंतुक केले, तर कृती अक्षरशः पाळूनही चीज वेगळे होईल. पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात गेला, तेव्हापासून हा प्रश्न कागदावर आला. पारंपरिक पदार्थांसाठी सवलतीची तरतूद युरोपीय नियमांत आहे, तिचा आधार घेऊन लाकडी भांडी राहिली. मे ते सप्टेंबर मेंढ्या कुरणावर असतात, तेवढेच महिने हे चीज बनते. शरदात कळप खाली उतरले, की ही भांडी वसंतापर्यंत रिकामी असतात.