नाममालेतील ‘ताओ’ : वर्धा जिल्ह्यातील एका शब्दाची कथा

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावर वडनेर हे गाव आहे. भोवताली कपाशीचा आणि तुरीचा मुलूख. आमच्यापैकी ज्यांचे बालपण या परिसरात गेले, त्यांना शाळेच्या परिपाठात म्हटली जाणारी विनोबांची सर्वधर्मीय नाममाला अजूनही तोंडपाठ आहे. ईश्वराच्या नावांची ती एक लहानशी माळ. तीत नारायण आहे, बुद्ध आहे, पारशांचा मज्द आहे, यहुद्यांचा यह्व आहे, ख्रिस्ताने सांगितलेला पिता आहे, रहीम आहे. आणि या रहीमला अगदी खेटून ‘ताओ’ हे नाव आहे. बाकीच्या नावांचा पत्ता कोणी ना कोणी सांगू शके. ‘ताओ’ म्हणजे कोण, असे विचारले की ‘चीनचा देव’ एवढे उत्तर मिळे आणि परिपाठ पुढे सरके.

ताओ हा देव नव्हे, हे कळायला आम्हांला बराच काळ लागला. त्या नावामागे दोन-अडीच हजार वर्षांची एक साधनापरंपरा आहे, श्वासाचे आणि बैठकीचे एक शास्त्र आहे, हे त्याहून उशिरा कळले. आणि त्या परंपरेत ज्याला ‘सोडून देणे’ म्हणतात त्याचा एक विलक्षण प्रयोग वडनेरपासून फार दूर नसलेल्या पवनार येथे, धाम नदीच्या काठी, ताओचे नाव न घेताच होऊन गेला, हे तर अलीकडेच ध्यानात आले. या लेखात आम्हांला त्या प्रयोगाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम चीनकडे वळू. ताओ या शब्दाचा साधा अर्थ वाट. लाओत्झूच्या नावावर असलेला ‘ताओ ते चिंग’ हा ८१ लहान प्रकरणांचा ग्रंथ या वाटेविषयी बोलतो. त्यात श्वासाचा उल्लेख ओझरता आहे : प्राण एकवटून तान्ह्या मुलासारखे मऊ होता येईल काय, असा प्रश्न तेथे साधकाला विचारला आहे. त्याच ग्रंथात पुढे विद्या आणि ताओ यांतील भेद सांगितला आहे. विद्येच्या मागे लागलेल्याच्या गाठोड्यात रोज काहीतरी भर पडते. ताओच्या मागे लागलेल्याच्या गाठोड्यातून रोज काहीतरी गळून पडते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘नेइ-ये’ या जुन्या रचनेत देह सरळ ठेवणे, श्वास सम करणे आणि मन निवळू देणे यांचा क्रम येतो. चीनमधील मावांगतुई येथे १९७३ साली उघडलेल्या एका कबरीत रेशमी वस्त्रावर काढलेली व्यायामचित्रे सापडली. ही कबर इसवी सनापूर्वी १६८ मधली आहे. म्हणजे श्वास आणि अंगविक्षेप यांचे तंत्र त्या काळी चांगलेच रुळलेले होते.

परंतु गंमत अशी की, या तंत्राचा पहिला टीकाकारही याच परंपरेत जन्मला. ‘च्वांगत्झू’ या ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात, श्वास फुंकून बाहेर टाकणाऱ्या, नवा आत ओढणाऱ्या, अस्वलासारखे लोंबणाऱ्या आणि पक्ष्यासारखे अंग ताणणाऱ्या मंडळींची थट्टा आहे. हे लोक केवळ आयुष्य लांबवू पाहतात, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र सत्पुरुष टाचांपासून श्वास घेतो असेही येते. त्यामुळे विरोध श्वासाला नाही. श्वासाची कमाई करू पाहण्याला आहे. या ग्रंथाने सांगितलेली खरी साधना ‘त्सो-वांग’, म्हणजे बसणे आणि विसरणे. कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य गुरूला येऊन सांगतो की, आपण प्रगती केली. कारण आपण आधी करुणा आणि न्याय विसरलो, मग विधी आणि संगीत विसरलो, आणि अखेर स्वतःलाच विसरून बसलो. साधक काय मिळवतो याची यादी येथे नाहीच; काय सुटले याचीच आहे. आठव्या शतकात सु-मा छंगचेन याने याच ‘बसणे आणि विसरणे’ या विषयावर स्वतंत्र प्रबंध लिहून त्याचे पायऱ्यापायऱ्यांचे शास्त्र केले.

हा शब्द भारतात येण्याचा एक प्रयत्न फार पूर्वी झाला होता. सातव्या शतकात कामरूपचा राजा भास्करवर्मा याने ‘ताओ ते चिंग’च्या संस्कृत अनुवादाची मागणी केली. इ. स. ६४७ च्या सुमारास चिनी सम्राटाने हे काम ह्युएन त्संगाकडे सोपवले आणि त्याच्या जोडीला ताओपंथी पंडित दिले. पहिल्याच शब्दावर वाद पेटला. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द घ्यावा असे ताओपंथीयांचे म्हणणे. ह्युएन त्संग ‘मार्ग’ या शब्दावर अडून बसला. एकाला आपल्या शब्दाला बौद्धांचे मोठेपण हवे होते, दुसऱ्याला ते द्यावयाचे नव्हते. त्या अनुवादाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अनुवाद शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गात हे उदाहरण ठेवण्याजोगे आहे. या पार्श्वभूमीवर विनोबांची निवड पाहावी. त्यांनी ‘मार्ग’ही घेतला नाही आणि ‘बोधी’ही घेतला नाही. मराठी मुलांच्या तोंडी त्यांनी ‘ताओ’ तसाच ठेवला.

मराठी वाचकाला या साधनेची पूर्वओळख नाही असे मात्र नव्हे. शके १२१२ च्या, म्हणजे इ. स. १२९० च्या, ज्ञानेश्वरीतील सहावा अध्याय आसन, बंध, प्राणाचा निरोध आणि कुंडलिनीचे उत्थान यांचे जे वर्णन करतो, त्याला मराठीत तोड नाही. ज्ञानदेव स्वतः त्या वर्णनात नाथसंप्रदायाच्या खुणेकडे बोट दाखवतात. चिनी साधनेतील देहांतर्गत रसायन आणि आपल्याकडील हठयोग यांतील साम्यांनी अभ्यासकांना पुष्कळ काळ मोह घातला आहे. त्या मोहात आम्ही पडू इच्छित नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, हेच ज्ञानदेव बाराव्या अध्यायात योगमार्गाचे खडतरपण मांडून भक्तीची वाट जवळची ठरवतात. तंत्र पुरते जाणणाऱ्यानेच तंत्राला त्याची जागा दाखवून द्यावी, हा प्रकार च्वांगत्झूइतकाच आपल्याही घरचा आहे.

विनोबा या घरचे वारसदार. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’मधील सहाव्या अध्यायावरचे प्रवचन ध्यानयोगावर आहे. परंतु आसन-प्राणायामाच्या तपशिलात विनोबा रमत नाहीत. चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनातील परिमितता आणि सर्वत्र साम्यदृष्टी, या तीन गोष्टींवर त्यांचा भर आहे. चौथ्या-पाचव्या अध्यायांच्या विवेचनात ते कर्म, विकर्म आणि अकर्म अशी मांडणी करतात. कर्मात मन ओतले की त्याचे ओझे नाहीसे होते आणि ते अकर्म होते, असा तिचा आशय. त्यासाठी ते सूर्याचा दाखला देतात : सूर्य काही ‘करीत’ नाही, तो केवळ असतो, आणि त्याच्या असण्याने जगाचा व्यवहार चालतो. लाओत्झूच्या ‘वू-वेइ’ची, म्हणजे न करता करण्याची, याहून जवळची मराठी मांडणी आमच्या वाचनात नाही. एकाने दुसऱ्यापासून घेतले असे आम्ही म्हणत नाही. गीतेचा पाचवा अध्याय विनोबांना पुरेसा होता.

तुरुंगात मांडलेल्या या विचाराची कसोटी सहा वर्षांनी लागली. १९३८ च्या आरंभी विनोबांची प्रकृती अगदी खालावली होती. वजन ८८ पौंडांवर आले होते. गांधीजींनी उपचारांचा आणि हवापालटाचा आग्रह धरला, तेव्हा विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी पवनारची टेकडी निवडली. तेथे जमनालाल बजाज यांचा बंगला होता. गांधीजींनी अट घातली ती एकच : आश्रमाच्या कामाचा विचार पूर्णपणे सोडायचा. पुढे विनोबांनी स्वतः सांगितले आहे की, धाम नदीवरच्या पुलावरून गाडी जात असताना आपण मनात तीनदा संन्यासाचा उच्चार केला आणि सर्व विचार मागे टाकले.

पवनारला त्यांनी काय केले? ते शेत खणू लागले. आधी काही मिनिटे, मग हळूहळू वाढवीत काही तास. मध्ये मध्ये थांबून, अगदी हळू. उरलेला वेळ विश्रांती. दहाएक महिन्यांत वजन सुमारे चाळीस पौंडांनी वाढले. याच खोदकामात पवनारच्या जमिनीतून भरत-रामाच्या भेटीचे म्हणून ओळखले जाणारे जुने शिल्प वर आले. ते आजही आश्रमात आहे. या दिनक्रमात कोठेही श्वास मोजलेला दिसत नाही. परंतु कुदळ उचलण्याची आणि टाकण्याची एक लय असते, आणि ज्याला घाई नाही त्याचा श्वास त्या लयीत आपोआप बसतो. शेतात राबणाऱ्या वडनेरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सोडून देणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. पुलावर संन्यास उच्चारणारा हा माणूस १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच पवनारमध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही झाला. १९५१ च्या मार्च महिन्यात तो वर्ध्याहून तेलंगणाकडे पायी निघाला, १८ एप्रिलला पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला, आणि नंतर तेरा वर्षे तो देशभर चालत राहिला. मागे टाकलेले होते ते कामाचे ओझे, काम नव्हे.

असे म्हणून लेख येथेच संपवता आला असता. परंतु तो प्रामाणिक झाला नसता. कारण याच पवनारच्या इतिहासात १९७५ हे साल आहे. २५ डिसेंबर १९७४ रोजी विनोबांनी वर्षभराचे मौन धरले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले. मौनातील विनोबांचा ‘अनुशासन पर्व’ हा शब्द बाहेर आला आणि सत्तेने तो उचलून गावोगावच्या भिंतींवर रंगवला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की, शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. पण तोवर शब्दाचा अर्थ भिंतींनी ठरवून टाकला होता. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत आणीबाणीच्या विरोधात उघडपणे उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांना अटक झाली. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

ताओ-परंपरेलाही हा प्रश्न चुकलेला नाही. राजाचे दूत प्रधानपद घेऊन आले असता च्वांगत्झूने मासेमारीवरची नजर न काढता नकार दिला. देवळात पुजल्या जाणाऱ्या मेलेल्या कासवापेक्षा चिखलात शेपूट ओढणारे जिवंत कासव होणे त्याला बरे वाटले. गोष्ट सुंदर आहे, पण त्या राज्यातल्या प्रजेचे पुढे काय झाले, हे ती सांगत नाही. आमचे मत असे की, मान, सत्ता, श्रेय, स्वतःच्या मताचा हट्ट, हे सोडणाऱ्याचे स्वतःचे असते आणि ते त्याने खुशाल सोडावे. शब्द मात्र एकट्याचा नसतो. तो आपण सोडला की दुसरा कोणी उचलतो, आणि त्याची किंमत तिसराच मोजतो. १९३८ च्या पवनारने जे सोडले ते पवनारचे होते. १९७५ मध्ये जे सुटले ते सगळ्यांचे होते. विनोबांविषयीचा आमचा आदर याने उणावत नाही. पण त्या आदरासाठी हा प्रश्न झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

शेवटचे सोडणे १९८२ चे. नोव्हेंबरच्या आरंभी हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी काही दिवसांतच अन्न, पाणी आणि औषध थांबवले. १५ नोव्हेंबरला पवनारला त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत भोवतीची माणसे काय म्हणत होती यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला त्यात एक सरळ रेष दिसते. पुलावर विचार सोडले, १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन फिरणे सोडले, आणि आता उरले होते तेवढेही. गाठोड्यातून रोज काहीतरी गळत जाण्याचे जे वर्णन लाओत्झूच्या ग्रंथात आहे, त्याचा इतका अक्षरशः पाळलेला हिशेब क्वचितच पाहावयास मिळतो.

आज श्वासाचे वर्ग शहरोशहरी आहेत आणि ताओचे नावही त्यांत अधूनमधून येते. त्यांनी कोणाला शांत झोप लागत असेल तर त्यात वाईट काही नाही. परंतु परिपाठात हा शब्द पुन्हा आला आणि एखाद्या मुलाने तो कोण म्हणून विचारले, तर ‘चीनचा देव’ असे सांगून पुढे सरकू नये, एवढी आमची शिक्षकमित्रांना विनंती आहे. ताओ म्हणजे वाट, असे सांगावे. मग धाम नदीवरचा तो पूल, शेतातली ती कुदळ आणि भिंतींवर रंगवलेला तो शब्द, या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. वडनेरहून पवनारला एका दिवसात जाऊन येता येते. जमल्यास वर्गाला तेथे न्यावे आणि पुलावर थोडा वेळ उभे करावे.